यादीत नसलेली गोळी

नोव्हेंबरातला दुसरा सोमवार. सकाळी मी पिपलानीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये नंदाच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरत होते. गुरुवारच्या कप्प्यापर्यंत आले आणि हॉस्पिटलमधून फोन आला. क्रिएटिनिन वाढलंय, आजच या, घरातली सगळी औषधं घेऊन या.

नंदा माझी धाकटी बहीण. चौदा महिन्यांपूर्वी मी तिला माझी एक किडनी दिली होती. क्रिएटिनिन म्हणजे किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा कचरा. तो साठू लागला, म्हणजे किडनीचं काही खरं नाही.

ऑपरेशननंतर नंदा सगळ्यांना सांगायची, "ताईची किडनी ताईसारखीच आहे. बसू म्हणून देत नाही, सारखी बाथरूमला पळवते."

हॉस्पिटलात डॉक्टरांनी औषधांची पिशवी टेबलावर रिकामी केली. यादी माझ्या हातची, वेळेसकट. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "और कुछ? विटामिन, काढ़ा, कुछ भी?"

दर वेळेसारखंच मी "नहीं" म्हणाले.

नंदा हळूच म्हणाली, "ताई, ती झोपेची?"

"ते औषध थोडंच आहे?" मी म्हणाले.

किडनी टिकावी म्हणून चालू असलेल्या स्टिरॉइडमुळे तिची झोप उडाली होती. झोपेच्या गोळीची सवय लागते, म्हणून ती मी देणार नव्हते. ऑगस्टमध्ये बिट्टन मार्केटला भाजी घ्यायला गेले, तेव्हा तिथल्या मेडिकलमधून मेलाटोनिन आणलं. हे शरीरात आपोआपच तयार होतं, असं दुकानदार म्हणाला. मला पटलं. बाटली फ्रिजवर ईसबगोलशेजारी ठेवली. यादीत लिहिली नाही.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. मेलाटोनिन हे अंधार पडला की मेंदूत स्रवणारं हार्मोन, रात्र झाल्याचा निरोप. पण हा निरोप प्रतिकारशक्तीच्या पेशीही ऐकतात आणि त्याने त्या जास्त सावध होऊ शकतात. "हमने इनकी इम्युनिटी को जान-बूझकर सुला रखा है," ते म्हणाले. "उसके लिए आपकी किडनी आज भी परायी है."

"तो मेरी वजह से हुआ?"

"कह नहीं सकते. रिजेक्शन इसके बिना भी होता है. पर हमें पता होना चाहिए था."

त्यांनी दोष दिला असता तर बरं झालं असतं.

बायोप्सी झाली, म्हणजे सुईने किडनीचा कणभर तुकडा काढून तपासला. रिजेक्शनच निघालं, शरीर ती किडनी नाकारत होतं. तीन दिवस स्टिरॉइडची इंजेक्शनं, मग आणखी एक औषध. बाहेरच्या बाकावर बसून मी रोज रिपोर्टची वाट पाहायचे. क्रिएटिनिनचा आकडा दोनदा उतरला. मग उतरलाच नाही.

जानेवारीत डॉक्टर म्हणाले, "अब डायलिसिस शुरू करना पड़ेगा."

घरी येताना आम्ही रिक्षा केली. सोनागिरीच्या वळणावर नंदा म्हणाली, "चल, आता मशीनपाशी चार-चार तास बसायला तरी मिळेल."

तिने माझा हात धरला. "ताई, ते तीन महिने मी खरंच झोपले गं."

ज्यांच्या घरी कुणी दुसऱ्याच्या किडनीवर जगतंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. डॉक्टर "और कुछ?" विचारतात, तेव्हा फ्रिजवरचंही सांगा. औषध कशाला म्हणायचं हे आपण ठरवू नका. मी ठरवलं होतं. किडनी त्यामुळेच गेली का, हे मला कधीच कळणार नाही. नंदाने मला एकदाही विचारलं नाही. तिचे उपकार मी फेडू शकत नाही.

डायलिसिसचं ठरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी यादी नव्याने लिहिली. ईसबगोल, खोकल्याचं चाटण, गुडघ्याला लावायचं तेल, सगळं. मेलाटोनिनही लिहिलं, पुढे 'बंद'. आता तिला पाणीही मोजूनच प्यायचं होतं, म्हणून नंदाची पाण्याची बाटली अर्धीच भरली. मग डायलिसिसच्या काउंटरवर फॉर्म भरला. नात्याच्या रकान्यात मी सोळा महिने 'बहन, डोनर' लिहीत आले होते. त्या दिवशी 'बहन' एवढंच लिहिलं आणि फॉर्म आत दिला.