बेकरीपाशी बावीस

चावीवाल्याला उपनगरातल्या माणसांचे चेहरे कमी आणि चपला-बूट जास्त ठाऊक होते. सत्तावीस वर्षं तो रोज संध्याकाळी भर गर्दीत असायचा खरा, पण मान खाली घालून. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, खाली खड्ड्यात छातीएवढी उंच चावी सोडायची आणि पाण्याच्या पाइपाचा व्हॉल्व्ह फिरवायचा. चावी म्हणजे जाडजूड लोखंडी कांब, वर सायकलच्या हँडलसारखा आडवा दांडा. साडेपाचला पहिला व्हॉल्व्ह, साडेआठला शेवटचा, मिळून सात. ते फिरले की उपनगराच्या नळांना पाणी, नाहीतर ठणठणाट.

आणि नेमक्या त्याच वेळेला ते उपनगर असं काही रंगात यायचं की विचारू नका. चौकात कॅफेवाला टेबलं बाहेर काढायचा. बागेत कुणी ना कुणी ट्रम्पेट फुंकत असायचं. चाकांचे बूट घातलेल्या पोरी म्हाताऱ्यांच्या अंगावरून वाऱ्यासारख्या जायच्या, आणि म्हातारे शिव्या देता देता हसायचे. चौकाच्या मधोमध एक दगडी मासा होता, आकाशाकडे तोंड वासून बसलेला. कोणे एके काळी त्याच्या तोंडातून कारंजं उडायचं म्हणे. आता त्यात लोक सिनेमाची तिकिटं टाकायचे.

या चौकात दर शनिवारी चावीवाल्याच्या बायकोचं टेबल असे. ती दवाखान्याच्या टेलिफोनवर बसायची. दिवसभर "हॅलो, जोडून देते" म्हणून म्हणून तिला आकडे इतके पाठ झाले होते, की कुठल्या वॉर्डाचा कुठला नंबर हे झोपेत विचारलं तरी सांगेल. तिच्या दोन मैत्रिणी, एक शिवणक्लासवाली आणि एक ग्रंथपालबाई. दोघींचे नवरे येत. शिवणक्लासवालीचा नवरा चष्मेवाला, तोंडाचा पट्टा सतत चालू. ग्रंथपालबाईंचा नवरा इतका गप्प, की त्याला सगळे मौनीबाबाच म्हणत. आणि चावीवाल्याची बायको यायची एकटी. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी. रिकामी तरी कशी म्हणायची, तिच्यावर सगळ्यांच्या पिशव्या असायच्या.

चावीवाल्याने यायचं कबूल केलं नव्हतं असं नाही. तीनदा केलं होतं. पहिल्या वेळी पाइप फुटला. दुसऱ्या वेळी बदलीवर येणाऱ्या माणसाला आदल्या दिवशीच कांजिण्या आल्या, त्याही चाळिशीत! तिसऱ्या वेळी तर गडी दोन व्हॉल्व्हांच्या मधल्या वेळात चौकापर्यंत पोचला, खुर्चीवर टेकला, कॉफी मागवली, आणि एवढ्यात त्याला समोरचं झाकण दिसलं. "आलोच," म्हणाला आणि उठला. आला तेव्हा कॅफेवाला खुर्च्या एकावर एक रचत होता.

त्यावर बायको काय म्हणाली असेल? काही नाही. चार दिवसांनी चहाचा कप पुढे ठेवत शांतपणे म्हणाली, "गावाला पाणी सोडता सोडता माझ्या संध्याकाळींवरही पाणी सोडलंत तुम्ही. असू दे. आता एकदाच विचारते. येत्या महिन्यातला एक शनिवार, तुम्ही सांगाल तो. नाही जमलं तर परत म्हणणार नाही, भांडणारही नाही. पिशव्यांना त्या खुर्चीची सवय झालीये, मलाही होईल."

चावीवाला भांडणाला कधी भ्यायला नव्हता. घरात भांडण म्हणजे नळाला पाणी, येतं, जातं. पण "भांडणारही नाही" हे ऐकून त्याने चहा न पिताच कप खाली ठेवला.

"शेवटचा शनिवार," तो म्हणाला. "पक्का."

आता प्रश्न आला, पाणी सोडणार कोण? बायकोचा धाकटा भाऊ पंपघरात होता, सकाळच्या पाळीला. तो छाती पुढे काढून म्हणाला, "भाऊजी, मी आहे ना! हा काय हातचा मळ आहे. झाकण काढायचं, चावी घालायची, गरागरा फिरवायची."

"गरागरा नाही रे बाबा!" चावीवाला ओरडलाच. "मोजून. प्रत्येक ठिकाणचा आकडा वेगळा आहे."

"मग कागद द्या."

कागद? कागद कुठला! सत्तावीस वर्षांचं सगळं याच्या डोक्यात. साहेब आले नि गेले, कुणी लिहून घेतलं नाही, याने दिलं नाही. शेवटी बायकोनेच जुन्या कॅलेंडरची पानं काढली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसली. रोज सकाळी दवाखान्यात जाण्याआधी अर्धा तास. हा सांगणार, ती लिहिणार.

"हं, बोला."

"बेकरीपाशी बावीस. शाळेच्या फाटकाशी चौदा. सुताराच्या दारात अठरा, पण शेवटचे दोन अगदी हळू. त्याला दमा आहे."

"सुताराला?"

"व्हॉल्व्हला."

ती हसली. त्या महिन्यातलं ते पहिलं हसू. चावीवाल्याला एवढा हुरूप आला की तो कोपऱ्यातली छत्री घेऊन उठलाच. छत्री उभी धरली, मूठ दोन्ही हातांत घेतली, आणि कशी ओढायची, कशी पकड बदलायची ते दाखवायला लागला. "हा एक. हा दोन. हा तीन." ती मान हलवत लिहीत राहिली.

"आणि आपली गल्ली सगळ्यात शेवटी का हो? एवढी वर्षं शेजारपाजार मला टोमणे मारतात, तुझा नवरा चावीवाला आणि तुझ्याच नळाला उशिरा पाणी म्हणून."

"आपण टेकडीवर ना. खालच्यांना मोजून दिलं तरच वर चढतं. खाली हात सैल सोडला की वर कोरडं." मग जरा थांबून म्हणाला, "आणि आपली आधी सोडली असती तर त्यांनी दुसरे टोमणे मारले असते."

बायकोने पेन्सिल खाली ठेवून त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत नवरा काय काम करतो हे तिला माहीत होतं. कसं करतो ते आत्ता कळत होतं.

मग शनिवारची तयारी सुरू झाली. चष्मेवाल्याने कॅफेत माशासमोरचं टेबल सांगून ठेवलं. शिवणक्लासवालीने शर्टाच्या बाह्या आखूड करून दिल्या आणि वर बजावलं, "भाऊजी, हा शर्ट घालून खड्ड्यात वाकलात तर पाठीत उसवेल हं, मुद्दामच तसा शिवलाय." बायकोचे नियम दोनच. बसायचं झाकणाकडे पाठ करून. आणि फोन तिच्या पर्समध्ये.

शनिवारी सहाच्या ठोक्याला चावीवाला त्या खुर्चीवर बसला. पिशव्या खाली गेल्या. काय करायचं ते त्याला सुचेना. हात कुठे ठेवायचे हाच मोठा प्रश्न. शेवटी ते त्याने मांड्यांखाली दाबून धरले. मग हळूहळू मान वर झाली, आणि त्याला माणसं दिसायला लागली.

"अगं, ते बघ, फाटक्या लेसवाले! काळा कोट! वकील आहेत होय? मला वाटलं होतं, कुणीतरी गरीब बिचारे. आणि त्या लाल सँडलवाल्या बाई किती म्हाताऱ्या आहेत! चालतात मात्र विशीतल्या पोरीसारख्या."

"बंद करतो दुकान," चष्मेवाला म्हणाला. "मी आयुष्यभर लोकांचे डोळे तपासले, आणि हा गृहस्थ टाचांवरून माणूस सांगतो. बरं, माझं काय सांगशील?"

"तुमची उजवी टाच बाहेरून झिजते. घाईत असता, पण पोचता उशिरा."

शिवणक्लासवालीने टाळीच दिली. "ऐका! मी वीस वर्षं हेच सांगतेय." मौनीबाबाने हळूच आपले बूट टेबलाखाली ओढून घेतले. बायको शेजारच्या खुर्चीकडे मधून मधून बघत होती, आणि कॉफीत साखर दुसऱ्यांदा घालत होती.

साडेआठ होऊन गेले, आणि तेवढ्यात मासा खोकला.

हो, खोकलाच. पोटातून घर्रर्र आवाज आला. तोंडातून आधी गंजाचं पाणी, मग एक घाबरलेला कोळी, मग सिनेमाच्या तिकिटांचा लगदा, आणि मग सुसाट पाणी. पुरुषभर, दोन पुरुष, थेट दिव्याच्या खांबाच्या टोकापर्यंत! आणि चौकात जो जल्लोष झाला म्हणता! चाकांच्या बुटांवरच्या पोरी किंचाळत पाण्याखालून जायला लागल्या. वकीलसाहेबांनी फाटक्या लेसचे बूट काढून हातात घेतले. बागेतला ट्रम्पेटवाला वाजवत वाजवतच रस्ता ओलांडून आला.

टाळ्या वाजवत नव्हता तो एकटा चावीवाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मासा उडतोय म्हणजे खालच्या पाइपात नको तेवढं पाणी घुसलंय. म्हणजे वर...

पर्समध्ये फोन वाजला. बायकोने उचलला. पलीकडे टेकडीवरची शेजारीण. "काकू, वर थेंब नाही हो! आमची म्हातारी साबण लावून बसलीये."

बायकोने हे सांगितलं मात्र, चावीवाला खुर्चीवरून अर्धा उठला आणि त्याच्या तोंडून तोच शब्द निघाला.

"आलोच."

शिवणक्लासवाली नकळत खाली वाकली आणि तिने पिशवीचा बंद हातात धरला. कुठे ठेवायची ते पाठच होतं ना.

बायकोने त्याचा हात धरला नाही, आवाजही चढवला नाही. नुसतं म्हणाली, "दोन मिनिटं. बेकरीपाशी बावीस. मोजून दाखवा."

"आत्ता? अगं, म्हातारी साबण लावून..."

"दाखवा."

मौनीबाबाने न बोलता आपली छत्री पुढे केली. चावीवाल्याने ती उभी धरली, दोन्ही हातांनी ओढली, पकड बदलली. "एक." ओढली, पकड बदलली. "दोन."

"थांबा. परत पहिल्यापासून." तिने छत्रीच्या मुठीवर बोट ठेवलं. "मुठीचं टोक आत्ता माझ्याकडे आहे. एक करा." त्याने ओढली. टोक चष्मेवाल्याकडे गेलं. "हा तुमचा एक. टोक परत माझ्याकडे आलंच नाही. अहो, हा एक नाही, हा अर्धा आहे!"

चावीवाला छत्रीकडे बघत राहिला. पकड बदलली की एक. सत्तावीस वर्षं तो असंच मोजत आला होता, आणि दुसऱ्या कुणासाठी मोजायची वेळच आली नव्हती.

"म्हणजे तुझा भाऊ..."

"पुरे बावीस वेढे देऊन आलाय. सगळीकडे दुप्पट." ती फोनचे आकडे दाबायला लागलीच होती. "तुम्ही बसा."

"पण तो बघ, त्याला जमणार..."

"बसा हो. सोळा वर्षं टेलिफोनवर कोण बसतंय?"

तो बसला. खुर्चीच्या अगदी कडेला, पण बसला.

पलीकडून भाऊ फोनवर रडवेल्या आवाजात ओरडत होता, सगळ्या टेबलाला ऐकू येईल असा. "ताई, हात गळून पडले गं माझे! भाऊजी रोज एवढं फिरवतात? माणूस आहे का बैल?"

"नाही फिरवत. निम्मंच फिरवतात. ऐक नीट, सगळे आकडे अर्धे. आता उलट फिरवत जा. बेकरीपाशी अकरावर आण. शाळेच्या फाटकाशी सात. सुताराकडे नऊ, त्यातला शेवटचा अगदी हळू. त्याला दमा आहे."

"सुताराला?"

"नंतर सांगते. टपालपेटीपाशी पाच. दवाखान्याच्या मागे आठ, रंगाच्या दुकानाशी सहा. हो, आणि टेकडीचा आहे तसा राहू दे, तो पूर्ण उघडाच असतो."

कॅलेंडरची पानं भावाकडे होती. हिच्या हातात कागदाचा कपटाही नव्हता. चावीवाला तिच्या तोंडाकडे बघत होता. आपलं अख्खं उपनगर, एक एक झाकण, दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तो बोटांवर मोजत गेला. आजवर ते सगळं जपायचं ओझं आपल्या एकट्याच्या डोक्यावर होतं, आणि आता ते आणखी एका डोक्यात आहे, तेही शेजारच्या खुर्चीवर.

पाऊण तास लागला. मासा खांबावरून खाली आला, मग खांद्याएवढा, मग गुडघ्याएवढा. पोरींनी "अरेरे" केलं. दोन गुळण्या टाकून तो पुन्हा तोंड वासून बसला, पण स्वच्छ धुतलेला. त्या पाऊण तासात चावीवाल्याने दोनदा गुडघे उचलले, दोनदा खाली ठेवले. झाकण पाठीमागे होतं. त्याने वळून पाहिलं नाही.

मग पुन्हा फोन वाजला. "काकू, आलं हो पाणी! चांगलं धो धो. म्हातारी आशीर्वाद देतेय."

"यांना द्यायला सांगा," बायको म्हणाली. "शेजारीच बसलेत."

चावीवाला खुर्चीत मागे रेलला. पहिल्यांदाच पाठ टेकवून. चष्मेवाल्याने दुसरी कॉफी मागवली आणि विषय काढला, की आता हा मासा दर शनिवारी दहा मिनिटं तरी उडवता येईल का? चावीवाला म्हणाला, टेकडीला सोडायच्या आधी दहा मिनिटं जमेल. बेकरीपाशी बावीस, म्हणजे खरे बावीस. "पण फिरवणार कोण? मी तर इथे असणार."

हे बोलल्यावर तो स्वतःच दचकला. बायकोने ऐकलं, पण तसं दाखवलं नाही. फक्त खाली वाकून तिने ओल्या फरशीवरच्या पिशव्या उचलल्या आणि एक एक करून त्याच्या मांडीवर ठेवल्या. "धरा. खाली भिजतायत."

तीन पिशव्या कवटाळून तो बसला, लग्नात आहेर सांभाळणाऱ्या मामासारखा. उठायचं म्हटलं तरी उठता आलं नसतं.

तेव्हा मौनीबाबाने घसा साफ केला. सगळे त्याच्याकडे वळले. ग्रंथपालबाई तर घाबरल्याच.

"पुढच्या शनिवारी," तो म्हणाला, "माझी छत्री आणायची का?"