दर्भाचा बाप

लिहिणाऱ्याला इतरांपेक्षा काहीतरी जास्त कळलेलं असावं, असं मला वाटतं. मला तसं काही कळलेलं नाही. आमच्या घरातला कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तोही सांगलीत वसतिगृहावर राहून. तरी लिहायला बसलो, याबद्दल आधीच माफी मागतो.

आमचं गाव माण तालुक्यात. वडील मुंबईला कामाला असायचे. मी शाळेत असताना त्यांचे फोन यायचे बंद झाले. चुलते मुंबईला जाऊन शोधून आले, वडील सापडले नाहीत. आई शेरडं राखायची, कुंकू लावायची आणि कुणी विचारलं तर "मुंबईला हायती" म्हणायची. मी मात्र गर्दीत गेलो की पुरुषांचे चेहरे बघत राहायचो. वडील जिवंत आहेत की नाहीत, एवढंच मला कळायला हवं होतं.

मग चुलतबहिणीचं लग्न ठरलं. नवरीला हळद सवाष्णींनी लावायची. आईला बोलवायचं की नाही, यावर घरात बैठक बसली. आई चुलीपाशी होती. तिला सगळं ऐकू जात होतं.

"आवं, ती सवाष्ण हाय का रंडकी, ते एकदा ठरवा," चुलती म्हणाली. "उद्या माझ्या पोरीला कायतरी झालं म्हंजी?"

"ठरवायचं काय त्यात? जित्ता असता तर आला नसता व्हय?" चुलते म्हणाले.

"का यील? बायकोचं तोंड बघूनच गेला आसंल!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

वडील गेले, असं तिथंच ठरलं. जाळायला देह नव्हता, म्हणून भटजींनी सांगितलं तसा दर्भाचा माणूस केला, त्याला वडिलांचा जुना सदरा गुंडाळला. अग्नी मी दिला. गवतच ते, पेटलं आणि लगेच विझलंही. घरी बायकांनी आईच्या बांगड्या दगडावर फोडल्या. एक काच मनगटात घुसली.

"हळू की गं," आई म्हणाली.

"आता कुणासाठी जपायचाय हात?" चुलती म्हणाली.

हळदीच्या दिवशी तिला मागं परड्यात भांडी घासायला बसवलं.

डोकं भादरून मी वसतिगृहावर परतलो.

"कोण गेलं रं?" खोलीतल्या मित्रानं विचारलं.

"वडील."

"कवा?"

"माहीत नाही."

"कशानं?"

"माहीत नाही."

"मग नक्की गेल्यात न्हवं गड्या?"

मलाच हसू आलं.

दिवाळीला घरी गेल्यावर आईला विचारलं, तुला खरं काय वाटतं? ती शेरडांपुढं पाला टाकत होती.

"त्यास्नी मेला वाटतुया, तर मेला. मला म्हाईत न्हाई. आदी म्हाईत न्हाई म्हणून झोप यायची न्हाई. आता म्हाईत न्हाई, तरी येती."

ती म्हातारी दिसायला लागली होती, पण चेहरा निवला होता. पुढं माझंही चेहरे बघणं सुटत गेलं. वर्गात सरांनी विचारल्यावर "येत नाही" म्हणायची लाज वाटेनाशी झाली. मला वाटतं, मी तेव्हा सुखी होतो.

परवा गावाकडचा एकजण कॉलेजच्या फाटकाशी उभा होता. तो नुकताच इथं सांगलीजवळच कुपवाडला कारखान्यात लागलाय. मला बाजूला घेऊन म्हणाला, "रागावू नगं. तुझा बाप माझ्या शेजारच्या मशिनीवर हाय. बायको हाय, पोरं हायती. मी वळख दिली. तुमचं कुणाचं कायबी इचारलं न्हाई त्यानं."