कावळ्याचा घास आणि दुहेरी काच

राजसबाईंकडे पाहुणा आला की आधी पाणी मिळे, मग कॉफी, आणि कॉफी संपायच्या आत खिडकीवर व्याख्यान सुरू होई. चेन्नईच्या कडेला, तांबरमला, मोठ्या रस्त्याला लागून असलेल्या त्या इमारतीत बऱ्याच घरांनी दुहेरी काचांच्या खिडक्या बसवल्या होत्या, पण त्यांची निगा कशी राखायची हे राजसबाईंनाच विचारायचं असा शिरस्ता पडला होता. सत्तरीची बाई, कडक इस्त्रीची सुती साडी, पदर खोचलेला, एका हातात जुना दातांचा ब्रश आणि दुसऱ्या हातात ओलं फडकं. खिडकी ज्यावर सरकते तो खालचा रूळ त्या ब्रशने झाडत, रबराच्या पट्ट्या साबणाच्या पाण्याने पुसत, आणि चौकटीच्या तळाशी बाहेरच्या अंगाला पाणी जायला ठेवलेल्या बारीक फटी मोकळ्या आहेत ना, हे झाडूच्या हिराने टोकरून बघत. त्या फटी बुजल्या की पावसाचं पाणी रुळात साचतं आणि घरात उतरतं, हे त्यांचं इमारतीत प्रत्येकाला ऐकवून झालं होतं. जीभ मोठी फटकळ. चुकलास तर तोंडावर सांगत, आणि मग स्वतःच दुरुस्त करून देत. त्यामुळे लोक त्यांना घाबरतही आणि वरचेवर बोलावतही.

वरच्या मजल्यावरची स्वरदा साताऱ्याची, मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. तिची ओळख अशीच झाली. खिडकी करकरते म्हणून तिने रबराच्या पट्टीला देवघरातलं तिळाचं तेल चोपडलं. पट्टी फुगली, त्यावर धूळ बसली आणि खिडकी जागची हलेना. राजसबाईंनी उंबऱ्यातूनच वास घेतला आणि विचारलं, खिडकीपुढे दिवा लावतेस की काय? त्या दिवसापासून दोघींचं जमलं. राजसबाईंची मराठी तंजावरहून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, निम्मी फार जुनी, निम्मी तमिळ, 'रे'च्या जागी 'डा' म्हणणारी. स्वरदाला ती ऐकत बसावीशी वाटे. स्वरदाच्या मराठीला राजसबाई टीव्हीवरची मराठी म्हणत.

राजसबाईंची सगळी नोकरी नुंगंबाक्कमला टेलिफोनच्या कचेरीत झाली, तीही तक्रारींच्या टेबलावर. कुणाचा फोन बंद पडला की तो माणूस आधी फोनच्या डब्याला शिव्या घाली. राजसबाई तारेचा एकेक टप्पा तपासत मागे मागे जात, आणि दोष भलत्याच गल्लीतल्या खांबावर सापडे. निवृत्त झाल्यावरही ही सवय सुटली नाही. मिक्सर बंद पडो, नळ गळो की सुनेने अबोला धरो, बाई मागे मागे जात.

दुहेरी काच घरात आली ती नवऱ्यासाठी. हृदयाचं ऑपरेशन होऊन व्यंकटेशराव घरी आले आणि रस्त्यावरच्या बसच्या भोंग्यांनी त्यांची झोप उडवली. झोप नाही म्हणून चिडचिड, आणि चिडचिडीने छातीत धडधड. मग त्यांच्या खोलीच्या बाल्कनीकडच्या बाजूला नवी सरकती खिडकी बसवली. दोन काचा, मधे कोंडलेली कोरडी हवा, कडेने पक्कं सील. पहिल्या दिवशी व्यंकटेशरावांनी ती सरकवून लावली आणि अख्खा रस्ता एकदम गप्प झाला. "राजस, एक्स्चेंज बंद," ते म्हणाले, आणि घोरू लागले. पुढे रोज झोपताना हेच वाक्य. दोनेक वर्षांनी ते गेले तेही झोपेत, त्याच खोलीत, शांतपणे. राजसबाई त्या खिडकीचे उपकार मानत राहिल्या.

तेव्हापासून रोज दुपारी जेवणाआधी त्या खिडकी उघडून बाहेरच्या कडेवर भाताचा घास ठेवत. कावळ्याला घास चेन्नईत घरोघरी ठेवतात, पण राजसबाईंचा कावळा ठरलेला होता, एका पायाने लंगडणारा. तो येऊन खाऊन जाई, मग त्या पानावर बसत. आणि एक गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. सगळ्या इमारतीच्या खिडक्या टोकरणारी ही बाई स्वतःच्या त्या खिडकीची बाहेरची कड मात्र झाडत नसे. तिथे ब्रश फिरवायला हात होत नसे. ती जागा व्यंकटेशरावांची होती.

मुलगा गिरीधर कोईमतूरला असे. माणूस प्रेमळ, पण घाईचा. मागच्या दिवाळीला आला तेव्हा त्याला खिडकीखाली मुंग्यांची रांग दिसली. राजसबाई स्वयंपाकघरात मुरुक्कू, म्हणजे तिकडच्या चकल्या, तळत होत्या. तासाभराने खोलीतून हात पुसत येऊन त्याने मुंग्यांचा बंदोबस्त केल्याचं सांगितलं, आणि त्यांनी त्याला पहिला गरम मुरुक्कू दिला.

चेन्नईचा मोठा पाऊस दिवाळीनंतरचा, त्या पावसात पाणी आत आलं. रुळावरून ओघळून पलंगाखाली गेलं. राजसबाई पुसायला धावल्या, घसरल्या आणि मनगट मोडून बसल्या. काचांच्या मधेही धुकं धरलं, बाहेरचा रस्ता दुधातून बघावा तसा दिसू लागला. खिडकी बसवणाऱ्या कंपनीचा माणूस आला. त्याने रबर बदललं आणि ही खिडकीच आता काढून टाका म्हणाला. रबर बदलूनही पुढच्या सरीला पाणी आत आलंच. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

प्लास्टर निघेपर्यंत गिरीधरने त्यांना कोईमतूरला नेलं. सुनेने काही कमी केलं नाही. पण तिथे राजसबाईंना करण्याजोगं काही नव्हतं, आणि दुपारी घास ठेवला तर कोण कुठला कावळा येई. परतायचं म्हणाल्या तेव्हा गिरीधरने अट घातली. येत्या पावसाळ्यातल्या पहिल्या मोठ्या वादळाला मी तिथे येईन. त्या खोलीत पाणी आलं तर घराला कुलूप, आणि तू माझ्याबरोबर कायमची. राजसबाईंनी शब्द दिला. एकदा दिलेला शब्द फिरवणं त्यांच्या रक्तात नव्हतं, आणि हे गिरीधरला पक्कं ठाऊक होतं.

पाऊस तोंडावर आला तेव्हा त्यांनी तक्रारीच्या टेबलावरची रीत धरली. स्वरदाला हाताशी घेतलं, तांब्याने रुळात पाणी ओतलं आणि दोघी बघत बसल्या. पाणी तिथेच थांबलं. जायला वाट नव्हती. आता मागे मागे जायचं म्हणजे बाहेरच्या कडेला हात घालणं आलं. राजसबाईंनी झाडूचा हीर हातात घेतला. मग बाल्कनीत जाऊन, दुखरं मनगट सांभाळत, त्या गुडघ्यांवर बसल्या.

फटी होत्या तिथे पांढरं, घट्ट सिलिकॉन भरलेलं होतं. नीट, बोटाने सारखं केलेलं. मुंग्यांचा बंदोबस्त. बाईंचा पारा असा चढला की स्वरदा दोन पावलं मागे सरकली. पोरगा फटी बुजवतो, वर आईला म्हणतो घर राहण्यासारखं नाही. जुन्या पात्याने त्यांनी ते सिलिकॉन कापून काढलं, हीर आत घातला, आणि हिराबरोबर बाहेर आला तो काळा पडलेला, वाळून खडा झालेला भात. एक शीत, मग दुसरं, मग ढेकळासारखा गठ्ठा.

राजसबाई खाली फरशीवर टेकल्या. हा भात कुणाचा हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. शितं रुळात सांडत होती, तिथून फटीत जात होती, शितांमागे मुंग्या आल्या, मुंग्यांमागे सिलिकॉन, सिलिकॉनमागे पाणी. जगाला फटी मोकळ्या ठेवा म्हणून सांगणाऱ्या बाईच्याच घरी दिव्याखाली अंधार. त्यांना रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्ही त्यांनी स्वरदासमोर लपवलं नाही. "मीच घातलेला घास ग," त्या म्हणाल्या. "त्यांच्या नावाचा. आणि त्यांचीच खिडकी बुजवली मी."

स्वरदाने जवळ बसून विचारलं, मग आता घास ठेवणं बंद करणार का. राजसबाईंनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिने तो विषय सोडला.

धुकं धरलेल्या काचांसाठी त्यांनी कंपनीला पुन्हा बोलावलं नाही. सील गेलं की दोन्ही काचांचा जोड बदलावाच लागतो, पण चौकट ठणठणीत होती. टी. नगरला एका काचवाल्याकडून नवा जोड मापाने करून घेतला, आणि तो बसवताना त्याच्या डोक्यावर उभ्या राहिल्या. सगळ्या फटी धुऊन काढल्या, रुळात पुन्हा पाणी ओतलं. खळकन वाहून गेलं. अवघड काम पुढेच होतं. घास आता बाल्कनीच्या कठड्यावर, एका सपाट दगडावर ठेवायचा. पहिल्या दिवशी लंगडा आला, जुन्या जागी बसला, बंद काचेवर चोच मारली आणि उडून गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. राजसबाईंनी जेवण दुपार कलल्यावर उरकलं, तेही नावापुरतं. असं काही दिवस चाललं. मग एके दुपारी तो कठड्यावर उतरला आणि दगड साफ करून गेला, आणि बाईंनी त्या दिवशी दोनदा रसम वाढून घेतलं.

वादळाची बातमी आली तसा गिरीधर आला. बरोबर मोठी रिकामी बॅग, आईच्या साड्यांसाठी. राजसबाईंनी बॅग पाहिली आणि कॉफी केली.

सकाळपासून समुद्राकडून वारा सुटला. शाळा बंद, रस्ता ओस. पाऊस आडवा येऊन काचेवर आपटत होता. गिरीधर हातात टॉवेल घेऊन वडिलांच्या पलंगावर बसला आणि रुळाकडे बघत राहिला. रुळात पाणी आलं. हळूहळू चढलं, आतल्या कडेला टेकलं. राजसबाई दारात उभ्या होत्या. त्यांचा हात नकळत मोडलेल्या मनगटावर गेला होता. आपलं काम चोख आहे हे त्यांना कळत होतं, तरी रुळावरून नजर हटत नव्हती, कारण हरल्या असत्या तर हे घर, ही खोली आणि तो लंगडा कावळा, सगळंच गेलं असतं. पाणी कडेला टेकून क्षणभर थांबलं, आणि मग उतरू लागलं. नवी सर आली, पुन्हा चढलं, पुन्हा उतरलं. टॉवेल कोरडाच राहिला.

दुपारी वारा पडला तसा गिरीधर बाल्कनीत गेला, वाकून बघितलं, आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. त्याने स्वतः बुजवलेल्या फटींतून पाणी धारेने बाहेर पडत होतं. आत आला तेव्हा पार भिजला होता.

"अम्मा, त्या फटी मी बंद केल्या होत्या."

"हो."

"म्हणजे तुझा हात माझ्यामुळे मोडला. मग बोलली का नाहीस?"

राजसबाईंनी त्याच्या हातातला टॉवेल घेतला आणि त्याचं डोकं पुसू लागल्या. "मुंग्या माझ्या भाताला आल्या होत्या डा," त्या म्हणाल्या. "अप्पांच्या घासाला. तुज काय सांगू? दोष शोधत निघाले तर वाटेत आपलीच माणसं भेटली सगळी. मग मी कुणाची तक्रार लिहायची?"

गिरीधर चाळिशी उलटलेला माणूस. तो आईच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला, आणि राजसबाईंनी त्याला रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. दुपारी भाताचा घास गिरीधरनेच उचलला, कठड्यावरच्या दगडावर ठेवला आणि आईसारखीच 'का का' करून हाक मारली. लंगडा आला. नवा माणूस बघून त्याने मान वाकडी केली, आणि खाल्लं.

निघताना त्याची मोठी बॅग भरली ती वाळवलेल्या वडामांनी, म्हणजे तांदळाच्या कुरडयांनी, आणि लिंबाच्या लोणच्याने. सगळ्यात वर राजसबाईंनी कपाटातली सिलिकॉनची गन आणून ठेवली. "ही घेऊन जा," त्या म्हणाल्या, "या घरात हिला काम नाही." गिरीधर हसला. रस्त्यावर बस पुन्हा धावू लागल्या होत्या, एकामागून एक भोंगे वाजत होते. जाता जाता त्याने खिडकी सरकवून लावली. रस्ता गप्प झाला.

"एक्स्चेंज बंद," तो म्हणाला, आणि बॅग उचलून एकटाच जिना उतरला.