सात नंबरची पटाशी

पहिलेच सांगतो, भूत-भानामती, अंगात येणं, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. मी सुतार माणूस. लाकूडसुद्धा ठोकून पाहिल्याशिवाय चांगलं म्हणत नाही. हसायचं तर खुशाल हसा... पण पूर्ण वाचून हसा.

मी जऊळक्याचा. एका कारागृहात कैद्यांना सुतारकाम शिकवतो. नाव लिहीत नाही, नोकरी अजून तिथंच आहे. नऊ वर्षं मी 'हंगामी निदेशक' होतो. म्हणजे अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवस ब्रेक, मग नवी ऑर्डर. त्या एका दिवशी मी कागदावर नोकरीत नसायचो. पण निदेशकाशिवाय कैद्याच्या हाती हत्यार देता येत नाही, आणि कारखाना तर बंद ठेवायचा नाही! मग साहेब म्हणायचे, "या तुम्ही, फक्त मस्टरवर सही करू नका." मी जायचो. हत्यार रजिस्टरवर मात्र सही करावीच लागे, नाहीतर हत्यारंच बाहेर निघत नसत.

कायम करण्याची सुनावणी लागली तेव्हा हेच आडवं आलं. सेवेत खंड आहे म्हणे! मी म्हटलं, खंड कसला, त्या दिवसांच्या माझ्या सह्या हत्यार रजिस्टरवर आहेत. ऑफिसचं उत्तर आलं — जुनी रजिस्टरं सापडत नाहीत. बायको किन्हीराजा गावची, तोंडाची फटकळ. म्हणाली, "ते राबवून राह्यले अन् तुमी राबून राह्यले! काहून जात होते बिनसहीचे?" खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं.

सुनावणीला चार दिवस उरले होते. संध्याकाळची हत्यारांची गिनती चालू होती. आमच्या कारखान्यात भिंतीवर फळा आहे, त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली. हत्यार जागेवर नसलं की लगेच दिसतं. त्या दिवशी सात नंबरची जागा रिकामी होती. लाकूड कोरायची पटाशी गायब!

कारागृहात धारदार पटाशी हरवली म्हणजे सुनावणी-बिनावणी विसरा, माझी नोकरी तिथल्या तिथे संपली. माझं डोकंच फिरलं. "कोणी घेतली ते सांगा बे!" म्हणून बाराही कैद्यांवर ओरडलो. सात नंबर किसनबुवांची पटाशी. जन्मठेपेचे म्हातारे कैदी, मागच्या उन्हाळ्यात दवाखान्यात वारले. त्यांच्यानंतर तिला कोणी हात लावत नसे. दर ब्रेकच्या दिवशी बुवा मला म्हणायचे, "मास्तर, कायले घोर करता? तुमी पक्के होसान. मी आहो ना."

कारखान्यातला भुसा चाळला, मग त्याला कुलूप घालून बाहेर झडती सुरू झाली. अंगं तपासली, बराकी तपासल्या. शेवटी पहाऱ्यावरच्या जमादारानं कमरेची किल्ली काढून जुन्या सामानाची कोठी उघडली. महिनाभर ती कोणी उघडली नव्हती. आत सागाचं जुनं कपाट, त्याची किल्ली कधीच हरवलेली, आत काही नाही असंच सगळे धरून चाललेले. त्याची मागची फळी उचकटलेली होती. लाकडावर पटाशीचे ताजे घाव. आणि आत... हत्यार रजिस्टरं! नऊच्या नऊ!

"मास्तर, तुमचं नशीब सापडलं ना हो!" जमादारच आधी ओरडला. मी पानं उलटत गेलो. ब्रेकचा एकेक दिवस, खाली माझी सही. मी तिथंच धुळीत बसून रडलो. लाज कसली त्यात?

परत येऊन कारखान्याचं कुलूप काढलं, तर पटाशी फळ्यावर. सात नंबरला. जमादारासकट आम्ही सगळ्यांनी रिकामी जागा पाहिली होती. पात्याला सागाची ताजी ढलपी चिकटलेली होती, आणि आठवडाभर आम्ही नुसती बाभूळ कापत होतो.

सुनावणीत ती रजिस्टरं मी टेबलावर ठेवली... ठेवली म्हणतो, पण आवाज चांगला झाला. कायम झालो! बायकोनं अख्ख्या जऊळक्यात पेढे वाटले. "आमच्या ह्यायची सही आता कोनी रोकत नाही," असं दारोदार सांगत.

जमादार म्हणतो, मोजण्यात चूक झाली असेल. असेल बुवा. पण बंद कोठीतलं कपाट कोणी फोडलं, ते त्याला सांगता येत नाही आणि मलाही नाही.

यंदा जुन्या हिशेबानं ब्रेकची तारीख आली. मी मस्टरवर सही केली, चांगली रकान्याबाहेर जाईल एवढी मोठी. मग हत्यारं वाटायला घेतली. जमादारानं विचारलं, "सात नंबर कोनाले द्याची?"

म्हटलं, "राहू द्या जागेवर. ज्याची आहे तो घेईल."