हरभऱ्यातला आवाज

आमचे बाबा इतकं हळू बोलत की पाहुण्यांना दोनदा विचारावं लागे. पण त्यांचं ओरडणं मात्र आमच्या हरभऱ्याची राखण करायचं.

मलकापूरच्या बाजारातून त्यांनी मेमरी कार्डवर चालणारा छोटा स्पीकर आणला होता. लोक त्यावर गाणी ऐकतात, आमच्याकडे त्यावर रानडुकरं आणि रोही हाकलतात. माणसाचा आवाज आला की जनावर बिचकतं, म्हणून जो तो आपलीच आरडाओरड त्यात भरून ठेवतो. बाबांनीही बांधावर उभं राहून, लाजत लाजत, "हाट! हुर्र! हाट!" भरलं. बंद कसं करायचं ते कळेना, तेव्हा माझ्या भावाला हळूच विचारलेलं "झालं का बंद हे?" तेही त्यात राहून गेलं. तेलाचा पिपा कापून त्यात स्पीकर ठेवला की आवाज पार नाल्यापर्यंत जायचा. आम्ही भावांनी त्यावरून त्यांची भरपूर टिंगल केली.

बाबा गेले. पुढच्या हंगामात भावाने तोच स्पीकर पुन्हा शेतात ठेवला. दिवस मावळायला लागला की तो सुरू करायला आई जायची आणि शेवटचं ते हळू बोलणं येईपर्यंत तिथेच बसून राहायची. हे मला भावजयीने सांगितलं.

जनावरं काही मूर्ख नसतात. हा ओरडणारा जागचा हलत नाही हे त्यांनी ओळखलं आणि हरभऱ्याचा फडशा पाडायला लागली. दुकानदार म्हणाला, वाघाची डरकाळी भरून घ्या. भावाने कार्ड दिलं. आमच्याकडचे दुकानदार आधी कार्ड रिकामं करतात, मगच भरतात. हे भावालाही ठाऊक होतं, पण पीक डोळ्यांदेखत जात असलं की एवढं सुचत नाही. त्याला मी दोष देत नाही. दुकानदाराचा राग येतो, तोही उगाच.

संक्रांतीला गावी गेलो, तर पिप्यातून वाघ गुरगुरत होता. आमच्या शिवारात वाघ कुणी बघितलेला नाही. भाऊ माझ्याशी नजर मिळवत नव्हता, आणि आईने शेतात जाणं सोडलं होतं. ती ओसरीत हरभऱ्याची भाजी निवडत होती. मी शेजारी बसलो.

"आई व, बाबाचा आवाज गेला त्यातला."

"मले मालूम हाये. मीच म्हटलं त्याले, ने कार्ड. पीक वाचवा लागते न." तिने काडी बाजूला टाकली. "अन् तुमच्याजवळ एवढे मोठे मोबाईल हायेत. तुह्या मोबाईलमधी असनच त्याइचा आवाज."

माझ्या मोबाईलमध्ये बाबांचे फोटो होते, ढीगभर गाणी होती, कुणाकुणाच्या लग्नांचे व्हिडिओ होते. बाबांशी दर रविवारी बोलणं व्हायचं, पण बोलणं कोण साठवून ठेवतं? मला फार वाईट वाटलं, आणि तिच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवलं नाही.

"हाव, हाये न," मी म्हणालो.

तिने पदराला हात पुसले आणि माझ्याजवळ सरकून बसली.

"मंग लाव बरं."