दाराबाहेरचा वकील

सोलापूरच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली टायपिंगला बसणारा तो माणूस कायदा शिकलाय, हे मला बऱ्याच तारखांनंतर कळलं. कुणी ‘वकीलसाहेब’ म्हटलं की टाइप करता करताच म्हणायचा, "मराठीत दोगंबी वकीलच. पर कायदा शिकला तो लॉयर, सनद मिळाली तो अ‍ॅडव्होकेट. दुसऱ्यासाठी उभं राहायला सनद लागती की." त्याने ती का घेतली नाही, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

परवा कुंभारीच्या एका बाईंचा घराचा दावा पुकारला, आणि त्यांचे वकील आलेच नव्हते. बाई रडत त्याच्याकडे आल्या. "तुमीच चला की!"

"मला न्हाय चालत, मावशी."

त्याने एका नवख्या वकीलबाईंना गाठलं, वकीलपत्रावर मावशींचा अंगठा घेतला आणि उभ्याउभ्या मुद्दे लिहून दिले. मग शर्टाची वरची गुंडी लावून तो दाराबाहेर थांबला.

आत वकीलबाई बोलत होत्या, बाहेर याचे ओठ हलत होते. घर पाडायला स्थगिती मिळाली. वकीलबाईंनी न्यायाधीशांपुढे मान लववली.

दाराबाहेर त्यानेही लववली.