अर्धं ओढलेलं चित्र

नोव्हेंबर २००८, रविवार. टोकियोजवळच्या ग्योतोकुच्या सार्वजनिक सभागृहात मी घडीच्या खुर्च्या मांडत होते. सरळ ओळी लावल्या, तर माझी सोळा वर्षांची मुलगी येऊन म्हणाली, अर्धगोल हवा, आणि डावीकडची पहिली खुर्ची अशी की तिथून निवेदकाचा चेहरा दिसेल आणि निवेदकाला तिथे बसणाऱ्याचा. मी सगळ्या खुर्च्या पुन्हा हलवल्या. घरी स्वतःची बशी न उचलणारी मुलगी इथे मला कामाला लावत होती.

ती आणि तिच्या शाळेतली चार मुलं देशातल्या देशात पेटलेल्या युद्धांतून वाचून आलेल्या माणसांच्या गोष्टी सांगत. पद्धत जुनी जपानी, कामिशिबाईची. लाकडी चौकटीत एकामागे एक मोठी चित्रं ठेवलेली असतात. निवेदक बाजूला उभा राहून एकेक चित्र ओढून काढतो, की मागचं दिसू लागतं. मजकूर चित्रांच्या पाठीवर असतो. मुलं माणसाला भेटत, ऐकत, चित्रं काढत आणि त्याच्या वतीने सांगत. मला ते फारसं पटलेलं नव्हतं. ज्यांनी कधी दिवे गेलेले पाहिले नाहीत, त्यांनी युद्धाचं काय सांगावं, असं मी नवऱ्याला म्हणाले होते. तो म्हणाला, "हे तिला सांग की. पण ती जपानीत भांडायला लागली, की तू हरतेस."

त्या दिवशीची गोष्ट एका नेपाळी बाईची होती. नवऱ्याला आयटीतली नोकरी लागली म्हणून आम्ही इथे आलो, तेव्हापासून दर शुक्रवारी ज्या हॉटेलातून नान मागवायचो, तिथल्या स्वयंपाक्याची ही बायको. मला दीदी म्हणायची आणि माझ्याशी हिंदीत बोलायची. हे तिचं दुसरं लग्न. पहिल्या नवऱ्याला गावातून लोक घेऊन गेले आणि तो परत आला नाही. ते लोक कुठल्या बाजूचे होते हे तिने कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्यांची मुलगी तेव्हा वर्षाची होती. आता ती इथल्या शाळेत तिसरीत होती आणि तिची नेपाळी जेवण, झोप, आंघोळ एवढ्यापुरती उरली होती. आईची जपानी दुकानापुरती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या मुलीने शेजारच्या मैत्रिणीला सांगितलं की माझे खरे बाबा आम्हाला टाकून गेले. आईला तेवढं वाक्य कळलं. ते खोटं आहे, हे मुलीला नीट सांगायला दोघींमध्ये भाषाच पुरत नव्हती. आणि भाषा असती तरी तिच्या तोंडून ते निघालं नसतं, हे तिनेच मला सांगितलं. दुसरा नवरा भला माणूस. तो म्हणाला, ही गोष्ट मी सांगणं बरोबर नाही. म्हणून ती मुलांकडे आली, आणि हिंदीचं जपानी करायला मुलांनी मला बसवलं.

मी नोकरी करणारी बाई. ऑफिसात काही बिघडलं की काय झालं, कधी झालं, कोण होतं तिथे, असं विचारायची सवय. तसंच सुरू केलं. किती माणसं आली, कपडे कसले होते. बाई हाताची बोटं चोळायला लागली. माझ्या मुलीने मला थांबवलं. जपानीत, पण अगदी नम्रपणे म्हणाली, आई, ते विचारू नकोस. त्या सकाळी तिचा नवरा हातांनी काय करत होता, ते विचार.

मी विचारलं. बाईने बोटं चोळणं थांबवलं. मग म्हणाली, विशेष काही नाही, मुलीला टोपी घालत होते. लोक दारात आले, तेव्हा टोपीचे बंद बांधायचे राहिले होते. त्यांनी त्या लोकांना थांबायला सांगितलं, बंद बांधले, मुलगी माझ्याकडे दिली आणि गेले. हे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, कारण यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. मुलांनी मात्र तेवढीच गोष्ट ठेवली. डोंगर, घर, गोठा, टोपी. बंदुकीचं चित्र एकही नाही.

अर्धगोलातल्या त्या डावीकडच्या खुर्चीवर बाई बसली. शेजारी नवरा, पुढे चटईवर मुलगी आणि शेजारपाजारची आणखी काही मुलं. मुलीला एवढंच माहीत होतं की ही आईच्या गावाची गोष्ट आहे. मी मागे उभी होते. या मुलांचा एक नियम असतो. अवघड चित्र यायचं असलं की त्याच्यावरचं चित्र अर्धंच ओढायचं आणि गोष्ट ज्याची आहे त्याच्याकडे बघायचं. त्याने मान हलवली तरच उरलेलं ओढायचं. नाही हलवली, तर गोष्ट तिथेच थांबते आणि त्याबद्दल कोणी काही बोलत नाही.

टोपीचं चित्र अर्धं आलं. दोन मोठे हात, लाल टोपी, सुटलेले बंद. माझ्या मुलीने बाईकडे पाहिलं. बाईने मान हलवली नाही.

मुलगी थांबली. हात हवेत, चित्राच्या कडेवर. मी तिच्या वयाची असते तर खोकले असते, हसले असते, निदान "पुढे जाऊ का?" असं विचारलं असतं. आताही पुढे जाऊन बाईला पाणी द्यावं असं मला वाटत होतं. पण हॉलमध्ये कोणी हललं नाही, चटईवरची पोरंसुद्धा नाहीत. माझ्या मुलीने हात खाली घेतला नाही की नजर काढली नाही. घाई नव्हती, आग्रहही नव्हता. हे तिला मी शिकवलेलं नव्हतं. शिकवायला मला तरी कुठे येत होतं?

शेवटी बाई उठली. चौकटीमागे गेली, माझ्या मुलीच्या हातावर हात ठेवून तिने स्वतः ते वरचं चित्र पूर्ण ओढलं आणि चटईवरच्या आपल्या मुलीकडे बघून नेपाळीत दोन वाक्यं बोलली. माझ्या मुलीला नेपाळी येत नाही. पण त्या जागी कोणती वाक्यं आहेत हे तिला माहीत होतं. तिने ती हळूच जपानीत म्हटली.

"आधी बाबांनी तुझ्या टोपीचे बंद बांधले. मग त्यांना नेलं."

तुझ्या, हे मजकुरात नव्हतं. तिथे "बाळाच्या" असं होतं. ते तिने त्या क्षणी बदललं.

छोटी उठून उभी राहिली. तिने जपानीत एकच विचारलं, "तेव्हा थंडी होती?" माझ्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मागून तो प्रश्न हिंदीत सांगितला.

"खूप होती," बाई म्हणाली. हे जपानी शब्द तिला येत होते.

पुढची चित्रं कोणी दाखवली नाहीत. मुलांनी चौकट मिटली, वाकून नमस्कार केला आणि चहाची तयारी करायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, डबे भरत असताना बाईचा फोन आला. मुलगी उठल्यापासून विचारते आहे, दीदी, मला अर्धंही कळत नाही. मी ऑफिसात उशिरा येते म्हणून कळवलं आणि सायकल काढली. दोघी तातामीच्या चटईवर समोरासमोर बसल्या होत्या, छोटी शाळेचं दप्तर पाठीवर घेऊन. मी मध्ये बसले. छोटीचा पहिला प्रश्न होता, बाबा कुठल्या हाताने लिहायचे? ती स्वतः डावखुरी आहे.

मी तो हिंदीत सांगितला.